टीव्हीला तंबाखू चालत नाही

हे मी ह्यांना सांगितलेलं नाही, माझ्या आईला नाही, लेकीला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही कधी आमच्या दारात येणार नाही. आणि आलातच, तर अत्तम्मांसमोर तोंड उघडणार नाही, एवढं धरून चालते.

गोष्ट टीव्हीची आहे. हसलात ना? हसा की. टीव्हीत कबूल करण्यासारखं काय असतंय — मलाही आधी असंच वाटायचं.

आम्ही सोलापूरजवळ कुंभारीत राहतो, विडी कामगारांच्या घरांत. घर अत्तम्मांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. आम्हा तेलुगू लोकांत सासूला अत्तम्मा म्हणतात. त्यांनी जन्मभर विड्या वळल्या. त्याच विड्यांवर माझा नवरा शिकला, नणंदेचं लग्न झालं, हे छप्पर डोक्यावर आलं. ह्यांची चादरीच्या कारखान्यात नोकरी, आणि मी शहरात एका पतसंस्थेत कारकून. पंख्याखाली बसून काम. त्याचा मला केवढा तोरा होता, विचारू नका.

दुपारची जेवणं उरकली की गल्लीतल्या बायका सुपं घेऊन आमच्याकडं यायच्या. आमची बाहेरची खोली त्यातल्या त्यात मोठी, थंड. सूप मांडीवर, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, समोर टीव्ही. बोटं आपोआप चालायची — पान, चिमूट, वळायचं, दोरा गुंडाळायचा — आणि नजर तेलुगू मालिकेवर. हाताकडं कुणी बघायचं नाही, बघायची गरजच नव्हती. मालिकेतली कजाग सासू आली की सगळ्या मिळून तिला अशा शिव्या घालायच्या की बास! अत्तम्मा मधोमध, रिमोट त्यांच्या सुपात. त्यांना वाचता येत नाही, पण कुठलं बटण कुठं, ते बोटांना पाठ. गुडघ्यांमुळं त्या कुणाच्या घरी जाऊ शकत नव्हत्या, म्हणून सगळं जग दुपारी त्यांच्याकडं यायचं.

आणि संध्याकाळी मी घरी आले की तो वास. उशीला, पडद्याला, लेकीच्या दप्तराला. तंबाखूचा वास धुतला तरी जात नाही, हे मला तुम्ही सांगू नका. माझी आईपण विड्याच वळायची. शाळेतून आले की मी तिच्या हाताखाली बसायची, बोटं पिवळी व्हायची. एकदा बाईंनी नखं तपासताना माझे हात सगळ्या वर्गाला दाखवले — असे नसावेत म्हणून. शेजारच्या मुलीनं त्या दिवशी बाक बदलला. हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. सांगायचं नव्हतंच खरं तर, आलं तोंडात.

संक्रांतीला ऑफिसातल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं होतं. सगळं नीट केलं होतं, उदबत्तीही लावली होती. एक जण आत आली आणि तिनं पदर नाकाला लावला. वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला, गेली. मी मात्र तो पदर विसरले नाही. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच — ती बैठक आपल्या घरातून उठली पाहिजे.

मग सरळ सांगायचं ना? अत्तम्मा, मला त्रास होतो, बाहेरच्या खोलीत नका बसू. पण घर त्यांचं! आणि मला वाईट व्हायचं नव्हतं. गल्लीत माझं नाव आहे — सून असावी तर अशी. ते नाव मला सोडवेना. भित्री होते, दुसरं काय.

त्यातच श्रावणीची दहावी आली. माझी लेक. तिला मोबाइलवरचे धडे मोठ्या पडद्यावर बघायचे होते. हे म्हणाले, जुना टीव्ही चांगला चाललाय की, त्याला ती छोटी स्टिक मिळते, मागं खुपसायची, की मोबाइलवरचं सगळं टीव्हीवर दिसतं. ती लागते का बघून ये, तुला त्यातलं कळतं. टीव्ही भिंतीला चिकटून टांगलेला, म्हणून मी फटीतून मोबाइल घालून त्याच्या पाठीचा फोटो काढला आणि ऑफिस सुटल्यावर दुकानात गेले.

दुकानातल्या माणसानं फोटो मोठा करून बघितला. म्हणाला, ताई, हे काय भोक, इथंच लागते स्टिक. नवा टीव्ही कशाला घेताय उगाच? 

विकणारा माणूस नको म्हणत होता, बघा! आणि मी तिथं भिंतभर लावलेल्या त्या मोठ्या, चपट्या, काळ्याभोर स्मार्ट टीव्हींकडं बघत उभी राहिले. माझ्या डोक्यात काय चाललं होतं, सांगू? स्टिक लावली तर जुना टीव्ही तसाच राहणार. आणि जुन्या टीव्हीला तंबाखू कधी बाधली नव्हती. नवा आला, की मात्र मी काहीही सांगू शकते. नव्या वस्तूबद्दल घरात मी सांगेन तेच खरं.

घरी येऊन सांगितलं — आपल्या टीव्हीला ते भोकच नाही. जीभ अडखळलीसुद्धा नाही. फोटो रिक्षातच पुसून टाकला होता. ह्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? जुना टीव्ही दुकानात जमा झाला आणि हप्त्यावर नवा आला. लेकीनं उड्या मारल्या. अत्तम्मांनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, माझी दृष्ट काढली. सुनेनं घरात लक्ष्मी आणली म्हणे.

दुसऱ्या दिवशी रविवार. बायका आल्या, सुपं टेकवली. आणि मी — स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आले आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाले, दुकानदारानं बजावून सांगितलंय हो, ह्या टीव्हीला तंबाखू चालत नाही. बारीक धूळ आत जाते आणि पडदा जातो.

एका बाईचा हात चिमटीत तंबाखू धरून तसाच राहिला. मग अत्तम्माच उठल्या, गुडघ्यावर हात रोवून. "अय्यो, उचला गं सुपं. सुनंनं एवढ्या हौसेनं आणलाय. लई नाजूक असतंय म्हणं." आपल्या मैत्रिणींना त्यांनी स्वतः बाहेर काढलं. मला वाईटपणा घ्यावाच लागला नाही. केवढी हुशार मी!

काही दिवस बायका जाता-येता दारातून हाका मारायच्या. मग दोन गल्ल्या पलीकडं कुणाच्या तरी ओसरीत बैठक बसायला लागली. अत्तम्मांना तिथवर चालवत नव्हतं. त्या घरामागं, धुण्याच्या दगडाशेजारी सूप घेऊन बसायला लागल्या, एकट्या. घराचा वास हळूहळू गेला. मी नवे पडदे लावले. ऑफिसातल्या बायकांना पुन्हा बोलावलं, पदर कुणाच्या नाकाला गेला नाही. मी खूश होते. खोटं कशाला बोलू — चांगली खूश होते.

इथवर सांगून थांबले असते, तर तुम्ही म्हणाला असता, जाऊ दे, संसारात होतंय असं. पण पुढं आहे.

एक दिवस मी ऑफिसातून आले तर अत्तम्मा टीव्हीसमोर फरशीवर बसलेल्या. ओले हात पदरात धरलेले. पडद्यावर ते एक गोल चक्र असतं ना, फिरत राहणारं — ते फिरत होतं. श्रावणी क्लासला जाताना त्यांना जुन्या मालिकेचे भाग लावून देऊन गेली होती आणि ते मधेच अडकले होते. अत्तम्मांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"साबणानं हात धुतले होते गं. कोपरापातूर धुतले. तरी माझ्यामुळंच झालं असंल. अंगात मुरलीय की तंबाखू, ती कुटं जाती?"

मला काय झालंय ते एका नजरेत कळलं होतं. इंटरनेटचा रिचार्ज संपला होता, बस्स. सकाळी मोबाइलवर मेसेजही आला होता. एवढंच म्हणायचं होतं — अत्तम्मा, तुमचा काही संबंध नाही. तेवढं वाक्य. आणि त्याच्या पाठोपाठ कदाचित दुसरंही निघालं असतं.

मी म्हणाले, बघते मी काय करता येतंय ते.

आतल्या खोलीत जाऊन रिचार्ज केला. टीव्ही चालू झाला. त्यांनी टीव्हीला हात जोडले, मग मला. मला! आणि म्हणाल्या, पोराला सांगू नकोस, मी बिघडवला होता म्हणून. मी त्यांना वचन दिलं. त्यांच्या न केलेल्या चुकीबद्दल त्यांना पाठीशी घातलं मी. ह्याच्यापेक्षा नीच काय असतं, तुम्हीच सांगा? नका सांगू. मला माहीत आहे.

त्या दिवसापासून त्या रिमोटला हात लावत नाहीत. पाव्हणे आले की कौतुकानं सांगतात, आमचा टीव्ही लई नाजूक हाय, सुनंनं आणलाय. विड्या अजून वळतात, थोड्या, मागं बसून. आता मालिकेतल्या सासूला शिव्या घालत नाहीत. एकट्यानं काय घालणार?

किती वेळा सांगायला तोंड उघडलं असेल. स्वयंपाक करताना, त्यांच्या गुडघ्यांना तेल लावताना. त्या इतक्या मायेनं बघतात की माझं तोंड मिटतं. आणि खरं सांगू का — मायेमुळं नाही. त्या बघायच्या थांबतील, ह्या भीतीनं.

कालचीच गोष्ट. सुट्टी होती, टीव्हीवर त्यांची मालिका लागली होती. त्या उंबऱ्यापलीकडं उभ्या राहून बघत होत्या, दाराला धरून. हे सगळं तुम्हाला सांगायचं मी तेव्हा ठरवलेलंच होतं. म्हणाले, आत या की अत्तम्मा, उभ्या का?

त्यांनी आधी हात पुढं केले. दोन्ही. तळवे दाखवले, मग उलटे करून नखं दाखवली.

मी बघितले. आणि म्हणाले, हां, या.