घरटी एक

आसाराम वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. केजच्या बाजाराला निघाला तर चार घरच्या पिशव्या याच्या हातात असतात. ऊसतोडीच्या टोळीत भांडण लागलं की मुकादमाच्या आधी हा मधे पडतो. फक्त पाव्हण्यारावळ्यांपुढे उभा राहिला की याला आपलं सगळं कमीच वाटायला लागतं. त्यात त्याची शिकलेली धनश्री उमापूरच्या खात्यापित्या घरात ठरली, तेव्हापासून त्याला एकच घोर लागला होता. पंगतीला अन्न कमी पडलं तर उमापूरकर जन्मभर बोलतील.

पत्रिकांचं काम मात्र झकास जमलं होतं. छापखान्यात सोनेरी कार्डाचा भाव ऐकून आसाराम तोंड पाडून बाहेर आला, तेव्हा त्याचा टोळीतला जोडीदार राधाकिशन सोबत होता.

"पाकीट कशाला पायजे बे?" तो म्हणाला. "साधा पिवळा कागद घे, एका अंगानं छाप. घड्या घालायला आपल्या बाया हायेत. अन् पत्रिका निस्ती भाइरगावी. गावात मी तोंडी आवतण सांगतो."

राधाकिशनचं घर माझ्या समोरच. त्याच्या ओट्यावर टोळीतल्या बाया जमल्या, राधाकिशनची बायको सरस्वतीबाई सगळ्यांत पुढे. कागदाला घडी, वरून लाल दोरा, कोपऱ्याला हळद-कुंकवाची बोटं. धनश्री लहानपणी उसाच्या फडावर तापानं फणफणली होती, तेव्हा याच सरस्वतीबाईनं कोयता खाली ठेवून, आपली मजुरी बुडवून तिला दिवसभर मांडीवर घेतलं होतं. पोरगी तेव्हापासून तिला मावशी म्हणते. मावशीच्या हातची पत्रिका सोनेरी कार्डापेक्षा देखणी दिसत होती, हे मी उगाच कौतुकानं सांगत नाही.

राहिलं गावातलं आवतण. आमच्याकडे ते दोन तऱ्हेचं असतं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी जेवायला यायचं. घरटी एक म्हणजे घरातल्या एकानंच यायचं. ज्याची त्याची ऐपत, त्यात वाईट काही नाही. पण कुणाला कोणतं सांगायचं, तिथे माणूस कळतो. आसारामनं आचाऱ्याबरोबर बसून पानांचा अंदाज घेतला आणि राधाकिशनच्या हाती अक्षता देताना नजर खाली ठेवून म्हणाला,

"भावकीला अन् वरच्या आळीला चूलबंद सांग. टोळीला सांग, घरटी एक."

"आपल्या टोळीला?"

"आपलीच मान्सं हायेत. समजून घेत्याल."

या 'समजून घेतील'चा मला भारी राग येतो. जो समजून घेतो, त्याच्याच पानातलं आधी काढायचं, ही कुठली रीत?

राधाकिशन उन्हातान्हात घरोघर फिरला. सगळ्यात शेवटी तो आपल्या दारात आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि बायकोच्या हातावर अक्षता ठेवून म्हणाला, "आसारामच्या धनश्रीचं लगीन हाय. घरटी एक." मी ओसरीवर बसून पाहत होतो. सरस्वतीबाईला आधी थट्टा वाटली. मग ती अक्षता मुठीत धरून आत गेली.

लग्नाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. दाट तीथ, गावोगाव लग्नं. वरच्या आळीची बरीचशी माणसं अक्षता टाकून दुसऱ्या मांडवाला पळाली. बुंदीची पातेली भरलेलीच राहिली. राधाकिशन तेवढा सकाळपासून वाढत होता. लग्न लागल्यावर धनश्रीनं बापाला विचारलं, "दादा, मावशी कावून दिसंना?"

आसाराम तरातरा राधाकिशनकडे गेला. "वैनी कुटं हाय बे?"

"घरी."

"कावून?"

"घरटी एक म्हनलास न्हवं? मी आलोय की."

"आरं, ते काय तुला व्हतं का?"

"तू टोळी म्हनलास. मी टोळीतलाच हाय."

त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तो बुंदीचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे वळला. मांडवाच्या पलीकडे टोळीच्या वस्तीवर घराघरातून चुलीचा धूर निघत होता. उमापूरच्या व्याह्यांनी तिकडे पाहिलं, आणि ते आसारामला दिसलं.

तो डोक्याच्या फेट्यासकट तसाच निघाला. मीही मागोमाग गेलो. सरस्वतीबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. आसाराम दारातच थांबला.

"वैनी, चुकलं माजं. चूलबंद सांगाय आलोय."

"आता तर चूल पेटली, भावजी."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पेटली होती, तेवढंच तिनं सांगितलं. मग त्याच्याकडे नीट पाहून म्हणाली, "कन्यादान झालं का? सकाळधरनं उपाशी असताल तुमी. बसा."

तो बसला. तिनं गरम भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. नको म्हणायचं तोंड त्याला नव्हतं. मांडवात बुंदी पडून होती आणि नवरीचा बाप इथे भाकरी मोडत होता. मला बाहेर उभं राहून त्याची लाज वाटत होती, तर त्याला स्वतःची किती वाटली असेल! ज्या बाईनं त्याची पोरगी जपली, तिला त्यानं पंगतीतलं एक पान म्हणून मोजलं होतं, आणि आता तिचंच अन्न खात होता.

"पाठवणीला तरी येता का, वैनी?" त्यानं ताटात बघतच विचारलं.

"येते की," सरस्वतीबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "रडायला कुटं आवतण लागतंय?"