सायलेनचं सलाईन

ज्या कारखान्यात मी तीन वर्षं केमिस्ट होते, तिथं सायलेन नावाच्या रसायनाला सगळे सलाईन म्हणत. आठवलं की अजूनही माझं डोकं तडकतं.

धाराशिवबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही शेतातल्या मोटारींच्या स्टार्टरचे डबे बनवायचो. रंग मारण्याआधी प्रत्येक डबा सायलेन मिसळलेल्या पाण्याच्या हौदात बुडवायचा. त्यानं लोखंडी पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा थर बसतो, रंग घट्ट बसतो आणि गंज लांब राहतो. पाणी मात्र क्षार काढलेलंच लागतं. त्यात मीठ पडलं की सगळी मेहनत वाया.

सायलेनच्या कॅनवरच्या सूचना इंग्रजीत होत्या. रुजू झाले त्याच आठवड्यात मी मालकांना म्हटलं, हौदावर मराठीत पाटी लावू या. ते हसले. "मॅडम, कशाला डोकं शिणवता? सलाईन म्हणा, या कामगारांना तेवढं कळतं." मग पाहुणे आले की हाच विनोद, आम्ही डब्यांनासुद्धा सलाईन लावतो बरं का! पाहुणे खो खो हसायचे. मीही हसायचे.

हौद सांभाळायच्या येडशीहून येणाऱ्या एक मावशी. सातवी शिकलेल्या, कामाला एकदम चोख. डबा वर काढला की शेवटचा थेंब निथळेपर्यंत हलायच्या नाहीत. आज पाण्यात दम नाही, हे माझ्याआधी त्यांना कळायचं.

एका उन्हाळ्यात आतेबहिणीच्या लग्नासाठी मी दोन दिवस अणदूरला गेले आणि नेमका तेव्हाच कॅन संपला. नवीन मागवा म्हणून मी पंधरा दिवस मालकांच्या मागे लागले होते, त्यांचं आपलं 'बघू, बघू' चाललं होतं. मावशींनी त्यांना फोन केला, तर म्हणाले, "सलाईन संपलं तर तुमचं तुम्ही भागवा. काम थांबता कामा नये."

मावशींनी भागवलं. मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, गार केलं, गाळून घेतलं, मापानं मीठ-साखर घातली आणि हौदात ओतलं. जुलाब लागलेल्या लेकराला पाजतात, अगदी तसं. सलाईन म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार?

महिन्याभरात डबे परत आले. रंगाला फोड आलेले, फोडांखाली तांबडा गंज. मालकांनी सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं. मावशी आपणहून पुढं झाल्या.

"मीठ-साखर म्याच घातली, मालक. पानी उकळून घेतलं व्हतं. तुमीच म्हणलाव, भागवा."

शेडमध्ये हशा पिकला. मालक सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि हसता हसताच म्हणाले, "लई अडाणी हाय ही बाई. उद्यापासून येऊ नका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अडाणी कोण?" मी म्हटलं. "सलाईन हा शब्द कुणी शिकवला त्यांना? कॅन कुणी मागवला नाही?"

"तुम्ही शिकलेल्या ना, मॅडम? तुम्हीसुद्धा यांची बाजू घेता?" एवढं बोलून ते केबिनमध्ये निघून गेले. निर्णय काही फिरला नाही.

मी मावशींना सोडायला गेटपर्यंत गेले. त्या रडत नव्हत्या, कसल्यातरी विचारात होत्या. थांबून म्हणाल्या, "मॅडम, ते सलाईन न्हाय, तर मंग हाय तरी काय?"

मी सांगितलं. त्याचं नाव सायलेन. एका अंगानं ते लोखंडाला चिकटतं, दुसऱ्या अंगानं रंगाला धरतं. मीठ मध्ये आलं की लोखंड आतून गंजतं.

"म्हंजी गिलावा धरावा म्हणून आधी भितीवर पानी मारत्यात, तसं?"

"साधारण तसंच, मावशी."

"आन् मीठ पत्रा खातं, हे का मला ठावं न्हाय? लोणच्याच्या बरणीची किती झाकणं गेली माझी." मग त्यांनी सरळ माझ्याकडं पाहिलं. "एवढंच व्हतं, तर आधी का न्हाय सांगितलं?"

सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती. मालकांचा मला अजून राग येतो, आणि तो यायलाच पाहिजे. पण मावशींनी हे मालकांना विचारलं नव्हतं.