मोड न आलेला मसूर

वर्गात शिरताच अरोहाने पिशवी दमयंतीच्या टेबलावर आपटली. आत मसूर होता. बुळबुळीत, आंबट वासाचा.

"हे घे. तुझं स्वस्त आणि पौष्टिक!"

दमयंती एरवी दवाखान्यात नर्स. शनिवारी ती न्यूझीलंडमधल्या पुकेकोहे गावच्या कम्युनिटी हॉलमध्ये वर्ग घ्यायची. मोजक्या पैशांत घरादाराला सकस कसं खाऊ घालावं, ते शिकवायची. मागच्या शनिवारी तिने मसुराला मोड आणायला सांगितलं होतं. अख्खा मसूर रात्रभर भिजवा, फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड हजर. लवकर शिजतो, वीज वाचते. साताऱ्यात तिची आई असंच करायची.

"पोरीच्या रक्तात लोह कमी आहे, हे तूच सांगितलंस," अरोहा म्हणाली. "म्हणून तीन दिवस वाट पाहिली. मग चारही पोरांना नुसते टोस्ट दिले. घरात दुसरं काही नसताना तू कधी अन्न फेकलंयस?"

अरोहा निघून गेली. तिच्यामागोमाग आणखी दोघी उठल्या.

घरी आल्या आल्या दमयंतीने हीटर बंद केला. ऐन जुलै, इथला कडाक्याचा हिवाळा. मसूर भिजवला, बांधला, ओट्यावर ठेवला.

"बर्फाचा कारखाना काढतेयस का?" तिचे यजमान गुरुनाथ दोन स्वेटर चढवून बसले होते.

"अहो, वर्गातल्या बायकांकडे हीटर लावतच नाहीत. परवडत नाही."

"मग त्याची शिक्षा मला का?"

"तुम्हाला नाही. मला."

मंगळवारी फडकं सोडलं. तोच वास.

बुधवारी ड्यूटी संपवून ती अरोहाच्या दारात उभी राहिली. हातात मसुराचं पाकीट.

"चूक माझी. माझं घर उबदार असतं, हे लक्षातच आलं नाही. तुझ्या घरात जमतंय का ते बघू दे."

अरोहा दारातून बाजूला झाली.

ओट्याला हात लावला तर गारठा बोटांत शिरला. "गरम जागा एकच," म्हणत अरोहाने पॅसेजमधलं कपाट उघडलं. आत गरम पाण्याची टाकी, वरच्या फळीवर टॉवेल. "माझी आई इथे पावाचं पीठ फुगवायची."

दमयंतीने आत हात घातला. किंचित हसली. "मसूर दिवसातून दोनदा धुवायचा हं."

शनिवारी अरोहा डबा घेऊन आली. कांदा-टोमॅटोत शिजवलेला, मोड आलेला मसूर.

"लिंबू पिळून दिला. पोरीने दोनदा मागून खाल्ला."

"लोह वाढायला महिने लागतील."

"मग महिने खाऊ."

तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "आमच्याकडे असलं कपाटच नाही. पाणी बाहेर भिंतीवरच्या गॅस गीझरमध्ये तापतं."

दमयंतीने फळ्यावर लिहिलेली मोडांची कृती पाहिली. खडू खाली ठेवला.

"पत्ता सांगा. उद्या किती वाजता येऊ?"