रांगवीराची बाजू

"हिचे वडील सेप्टिक टँकमध्ये गेले. त्यामुळं हिला ही कथा जवळची वाटते. आपण समजून घेऊ या."

शिवराज माईकवर असं म्हणाला आणि हॉल गप्प झाला.

मी त्याच्या शेजारीच उभी होते. मागं पडद्यावर मी आणलेलं चित्र. तोंडातलं वाक्य अर्धंच राहिलेलं. आत्तापर्यंत जी पोरं "रांगवीर! रांगवीर!" करून बोंबलत होती त्यांनी माना खाली घातल्या. पुढं बसलेल्या एका वयस्कर माणसानं चष्मा काढून पुसला. मग टाळ्या. आधी एकानं, मग सगळ्यांनी.

टाळ्या वाजवण्यासारखं मी काय केलं होतं? माझा बाप मेला होता. तेवढंच.

मी नांदेडात एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करते. वाढदिवस, श्रद्धांजली, पुढाऱ्याचं आगमन. माणसांचे चेहरे कापायचे, उजळ करायचे, ढगात बसवायचे. आम्ही मूळचे मुदखेडचे. बा स्टेशनात थांबणाऱ्या गाड्यांचे डबे झाडायचा, ठेकेदाराच्या हाताखाली. मधे कुणी बोलावलं की नाल्या, टाक्या. आमच्या गल्लीतल्या बाप्यांना दुसऱ्या कामाला कुणी बोलवत नव्हतं.

डब्यात लोक वाचलेली पुस्तकं टाकून जायचे. त्यातली कॉमिक्स बा माझ्यासाठी आणायचा. हिंदी. कधी कव्हर नसायचं, कधी शेवटचं पानच नसायचं. मी हिंदी शाळेच्या आधी त्यातनंच शिकले.

त्यात एक उल्कावीर होता. पाठीवर लाल झूल, आभाळातून यायचा, एका बुक्कीत इमारत पाडायचा. मला तो आवडायचा, पण सगळ्यांना आवडतो तेवढाच. मग एका लेखकानं त्याचे सहा अंक लिहिले आणि उल्कावीराला जमिनीवर आणला.

गोष्ट अशी. उल्कावीर वर आभाळात राक्षसाशी लढत असतो, आणि त्याच वेळी खाली शहरात एक माणूस गटारात गुदमरून मरतो. ह्याला पत्ताच नाही. नंतर कळतं. मग तो झूल काढतो आणि त्या माणसाच्या बायकोबरोबर ऑफिसांत जायला लागतो. ह्या खिडकीच्या रांगेतून त्या खिडकीच्या रांगेत. सहा अंक. एक बुक्की नाही. शेवटी बाईला भरपाईचा कागद मिळतो, ती घरी जाते आणि उल्कावीराच्या तोंडावर दार लावून घेते. आभार नाही, रडणं नाही. संपलं.

वाचकांनी त्या लेखकाला इतक्या शिव्या दिल्या की सातवा अंक दुसऱ्यानंच लिहिला. उल्कावीर परत आभाळात. आज इतक्या वर्षांनीही कॉमिक्सवाले त्या सहा अंकांना 'रांगवीर' म्हणतात. सगळ्यात भिकार कथा कोणती, असं विचारलं की पहिलं उत्तर तेच.

मला ती आवडली. पाचवी-सहावीत असेन. आमच्या दारात बसून वाचली आणि बाला वाचून दाखवली, कारण बाला वाचता येत नव्हतं. बानं सगळी ऐकली आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यो कसला हीरो? त्या टेबलावाल्याला एक ठिवून दिली आस्ती तर कवाच काम झालं आस्तं."

मी म्हणाले, "मंग दुसऱ्या दिवशी त्या बाईला आत कुनी घेतलं आस्तं?"

"का न्हाई घेणार? भ्याले आस्ते की."

"ह्याला भ्याले आस्ते. बाईला न्हाई."

बा लई हसला. "तू काय वकील व्हतीस का माय?" म्हणाला. पण त्याला ती आवडली नाही ती नाहीच. पुढं कधीही विषय निघाला की म्हणायचा, भंगार हाय ती तुझी रांगंची गोष्ट. मी चिडायचे. तो आणखी चिडवायचा. माय चुलीपासून ओरडायची, "काय लावलंय बाप-लेकीनं, खोटी माणसं ती!"

मी बारावीला होते तेव्हा बा गेला. नांदेडातल्या एका सोसायटीची टाकी. आधी उतरलेला माणूस वर येईना म्हणून बा उतरला. ह्याच्यावर मी इथं जास्त लिहिणार नाही. का, ते पुढं कळेल.

शिवराज मला कॉमिक्सच्या ग्रुपवर भेटला. लातूरचा. घरचं कापडाचं मोठं दुकान, वरच्या मजल्यावर ह्याची एक आख्खी खोली कॉमिक्सनं भरलेली. ग्रुपवर मी एकदा लिहिलं की रांगवीर ही वाईट कथा नाही. पन्नास जणांनी तोंडसुख घेतलं. हा एकटा वेगळा मेसेज करून म्हणाला, "मला पटलं नाही, पण तू बोल. ऐकून राहिलो मी."

तिथून पुढं आम्ही रोज बोललो. वर्षानुवर्षं. कुठला चित्रकार चांगला, कुणाला उगाच डोक्यावर घेतलंय, कुणाला उगाच पाडलंय. त्यानं मला न मिळालेले अंक पाठवले. दुकानाच्या कामानं नांदेडला आला की स्टेशनाजवळ चहा प्यायचो. त्याला कधी माझं आडनाव विचारावंसं वाटलं नाही. मला वाटायचं, हा माणूस वेगळा आहे. माझ्याशी भांडायचा. बानंतर तोच एक.

एका दुपारी त्या चहाच्या हॉटेलात मी त्याला बाचं सांगितलं. डब्यातली पुस्तकं, आमचं भांडण, टाकी. सगळं. चहावर साय धरली तरी त्यानं कप उचलला नाही. मला बरं वाटलं होतं त्या दिवशी. हे मला आज लिहवत नाही, पण बरं वाटलं होतं.

मग लातूरचा मेळावा ठरला. एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल. नांदेड, लातूर, सोलापूर, हैदराबादेतनं लोक येणार. शिवराज आयोजकांत होता. एक कार्यक्रम होता, 'सगळ्यात भिकार कथा'. हात वर करून मत द्यायचं. मी त्याला म्हणाले, "मला त्या कथेच्या बाजूनं बोलायचंय. दहा मिनिटं दे."

"हूटिंग करतील."

"करू दे की."

"ठीक हाय. दिली."

मी दुकानात जेवणाच्या सुट्टीत बसून पानं स्कॅन केली. त्यात एक पान होतं, त्यात नऊ चौकटी आणि नवांत तीच बंद खिडकी. लोक म्हणायचे, चित्रकार झोपला होता, एकच चित्र नऊदा छापलं. मी ते चौकटी-चौकटीनं मोठं केलं. भिंतीवर माणसांच्या सावल्या आहेत. पहिल्या चौकटीत लांब, मग आखूड, मग परत लांब, मग नाहीच. दिवस गेला. एक अक्षर न लिहिता. आणि उल्कावीराची सावली इतर माणसांएवढीच. मला हे दाखवायचं होतं. हे मी नीट दाखवलं तर निदान दोन-चार जण म्हणतील, अरे हे आपण पाह्यलंच नव्हतं.

चांगली साडी नेसून गेले. एसटीत पेन ड्राइव्ह मुठीत धरून बसले होते.

माझ्या आधी एक पोरगा स्टेजवर आला. डोक्यावर ओढणी घेतली, नाक दाबलं आणि बाईचा आवाज काढून म्हणाला, "साहेब, माझी फाईल!" हॉल फुटला हसून. मला राग आला. पण तो कथेचा राग होता. त्यांची बाजू ती, माझी बाजू ही. मी वर गेले. नऊ चौकटींचं पान लावलं. "रांगवीर! रांगवीर!" सुरू झालं. मी आवाज चढवला. म्हणाले, "ह्या सावल्या बघा, पहिली..."

तेवढ्यात शिवराज आला. माझ्या हातातला माईक घेतला. आणि ते वाक्य म्हणाला.

टाळ्या थांबल्यावर त्यानं माईक मला परत दिला. मी म्हणाले, "ही कथा मी वाचली तवा माझा बाप जित्ता व्हता." आवाज फाटला. पुढचं सांगायचं होतं की त्याला ती आवडली नव्हती, तुमच्यासारखीच. पण आवाज फाटला तसं ते परत टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी 'सगळ्यात भिकार कथा'तून रांगवीराचं नावच काढून टाकलं. मतदान नाही, वाद नाही. पानावरच्या सावल्या कुणी बघितल्या नाहीत.

खाली उतरले तर ओढणीवाला पोरगा समोर. हात जोडलेले.

"सॉरी ताई. माहीत नव्हतं."

"काय माहीत न्हवतं? कथा भिकार हाय आसं तुला वाटतं ना?"

"नाही ताई."

"आत्ता तर वाटत व्हतं."

"आता कसं म्हणणार, ताई?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. चांगला पोरगा होता. त्यामुळं जास्त लागलं. माझ्या तोंडावर माझं म्हणणं खोडायची सोय आता राहिली नव्हती. लहान लेकराच्या चित्राला जसं सगळे छान म्हणतात, तसं.

शिवराज मला जिन्यात भेटला.

"तुला बोलूच देईनात ते. मी तुला वाचवलं."

"मी बुडत न्हवते."

"आगं, सगळे गप्प झाले की नाही?"

"मला गप्प न्हवते करायचे. मला भांडायचं व्हतं. माझ्या बाचं मडं कशाला आणलंस तिथं?"

"माझा हेतू..."

"तुला मी हे बी सांगितलं व्हतं की बाला ती कथा आवडली न्हवती. ते का न्हाई सांगितलंस?"

तो जिन्याच्या कठड्याकडं बघत राहिला. खरंच आठवायचा प्रयत्न करत होता. मग म्हणाला, "ते लक्षात नाही राहिलं."

तिथं तुटलं. त्या चहाच्या हॉटेलात मी एक आख्खा माणूस सांगितला होता. हसणारा, चिडवणारा, चुकीच्या कथांना चांगलं म्हणणारा, माझ्याशी हुज्जत घालणारा. ह्याच्या लक्षात फक्त टाकी राहिली. आणि मी? मी त्याच्याशी इतकी वर्षं चित्रकारांवरनं भांडले, तेव्हाही त्याच्या मनात मी कोण होते? तो माझ्याशी खरंच भांडत होता का मला सांभाळून घेत होता? आता शोधून काढू म्हटलं तरी कळायचं नाही. सगळी जुनी बोलणी नासली.

घरी आले तोवर व्हिडिओ फिरला होता. शेजारच्या पोरीनं मायला त्यातला टाळ्यांचा तुकडा दाखवला होता. माय भाकरी टाकून बसली होती.

"तुह्या बाचं नाव घेतलं का त्यायनी?"

"न्हाई."

"मंग कोण गेलं म्हनले?"

"हिचे वडील, म्हनले."

माय उठून आत गेली. मी तव्यावरची भाकरी उलटवली. करपली होती.

दोन महिन्यांनी आयोजकांपैकी एका बाईचा फोन आला. सज्जन आवाज. म्हणाल्या, पुढच्या मेळाव्यात तुमच्यासाठी खास सत्र ठेवतोय, 'वेदनेच्या नजरेतून कॉमिक्स'. तुम्ही फक्त तुमचा अनुभव सांगा. मी विचारलं, "त्याच दिवशी चित्रांवर कोण बोलणार?" त्यांनी नावं सांगितली. मी म्हणाले, "त्यांच्यात बसवा. न्हाईतर येत न्हाई." त्या म्हणाल्या, "तिथं तज्ज्ञ आहेत हो." मी फोन ठेवला.

त्या आठवड्यात मी रांगवीरावर लिहायला बसले. नऊ चौकटींवर, झुलीच्या विटलेल्या लाल रंगावर, बंद होणाऱ्या दारावर. त्या लेखकाच्या चुकांवरही, कारण तिसरा अंक त्याचा खरंच फसलाय. खाली पूर्ण नाव घालून ग्रुपवर टाकलं. इतकी वर्षं ग्रुपवर आडनाव लावत नव्हते, ते लावलं. बाबद्दल एक ओळ नाही. दोन जणांनी वाचलं, एकानं 'बकवास' लिहिलं. मी त्याला उत्तर दिलं. त्याचं अजून आलेलं नाही.

आता आणखी लिहून राहिले. लोकांनी पाडलेल्या कथा पुष्कळ आहेत. काही खरंच वाईट निघतात, तसं लिहिते. शिवराजचे मेसेज येतात. माफी मागतो. मी वाचते. उत्तर देत नाही. कधी कधी एखादं चित्र दिसतं आणि बोट त्याच्या नावावर जातं. मी ते मागं घेते.

बाचं मी हे इथं एकदाच लिहिलं. परत लिहिणार नाही. कुणी विचारलं, ही कथा तुला का आवडते, तर मी पानं दाखवीन. बाप दाखवणार नाही. पटलं नाही तर तोंडावर म्हणा, भिकार आहे. मी ऐकून घेईन आणि उलट बोलेन. पण मी बोलत असताना मधे कुणी माझ्यासाठी टाळी वाजवली, तर मी बोलणं थांबवून त्याला उभं करीन आणि सगळ्यांसमोर विचारीन, माझ्या म्हणण्यातलं तुला काय पटलं, ते सांग.