धुक्यातला खडा

साताऱ्याच्या आसपासचे धबधबे आणि पॉइंट मी इतक्या वेळा फिरले आहे, की पाहुण्यांना वाट मीच दाखवते. त्या दिवशी मात्र एकटीच होते. धबधब्याच्या वरच्या कड्यावर धुकं इतकं दाटलं होतं, की हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. पाणी कुठेतरी खूप खोल कोसळत होतं.

म्हशींच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या आणि पाठोपाठ इरलं पांघरलेले एक म्हातारे गुराखी आले. माझ्या हातावर दोन-चार खडे ठेवत म्हणाले, "ताई, असल्या धुक्यात आम्ही आधी खडा टाकतो. वाजला तरच पाय टाकायचा."

"वाट माहीत आहे मला," मी म्हणाले. तरी त्यांचं मन राखायला दोन पावलांवर एक खडा टाकला.

तो वाजलाच नाही.

उचललेला पाय मी कुठे ठेवला, आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की याच कड्यावर दरीकडे पाठ करून मी कितीदा हसत फोटो काढून घेतले होते. माहीत आहे म्हणतो, ती आपली नुसती सवय असते. दरीला आपली सवय होत नाही.

मागे फिरले. खडा टाकायचा, आवाज ऐकायचा, मग पाऊल. शेवटी डांबर लागलं. सोबत आलेले गुराखीबाबा हसले. "ताई, आता रस्ता आलाय की."

"माहीत आहे," मी म्हणाले आणि पुढे खडा टाकला.