सैंधव मिळेनासं झालं तेव्हा

बिर्लानगरच्या जुन्या गिरणी क्वार्टरांत मंदाताई एकट्याच राहत. गिरणी बंद पडली, नवरा सूर्याजीराव गेले, लेक सोनिका लग्न होऊन त्याच शहरातल्या जयेंद्रगंजात गेली. त्यांचा एक नेम मात्र चोवीस वर्षं चुकला नव्हता. दारापुढच्या दगडी कुंडीत त्या सैंधवाचा नारळाएवढा खडा ठेवत. मोकाट गाई दुपारी साडेबाराला येत, चाटत आणि तीनपर्यंत आपल्या वाटेनं जात.

दोन हजार पंचवीसच्या मे महिन्यात सरहद्दीपलीकडून येणारा माल बंद झाला आणि पाठोपाठ युद्ध पेटलं. दौलतगंजातल्या किराणावाल्या पंसाऱ्यानं हात वर केले. "काकी, सेंधा नमक उधर से ही आता था. अब कहाँ से लाऊँ?"

"अरे, पण गायों को कैसे समझाऊँ?" मंदाताई म्हणाल्या.

त्यांनी कुंडीत साधं मीठ ओतलं. गाईंनी हुंगलं आणि तोंड फिरवलं, पण गेल्या मात्र नाहीत. पांढऱ्याफटक उन्हात दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आधी चार होत्या, मग नऊ, मग मोजायचं मंदाताईंनी सोडून दिलं. हंबरणं नाही, शेपटी हलवणं नाही. उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याची लू सुटली होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

आठव्या दिवशी पलंगामागच्या भिंतीतून खर्र, खर्र असा आवाज येऊ लागला. गाई बाहेरून भिंतीवर फुटलेला खारट लोणा चाटत होत्या. गिलावा गेला, विटा उघड्या पडल्या, तरी आवाज थांबेना.

'सवय मीच लावली,' मंदाताईंच्या मनात आलं. त्या दार उघडून उंबऱ्यात बसल्या. घामानं हात निथळत होते. एक लाल गाय पुढं आली आणि तिनं मनगटाला जीभ लावली. भिंतीमागचा आवाज एकदम थांबला. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा बसल्या. तिसऱ्या दिवशीही.

रविवारी सोनिका आली. गल्लीच्या तोंडाशीच ती थांबली. आई उंबऱ्यात, डोळे मिटलेले, दोन्ही हात पुढं. भोवती गाईच गाई. हातांची कोपरापर्यंत कातडी सोलून निघालेली.

"आई! ये क्या कर रही है तू? ऊठ!"

मंदाताईंनी डोळे उघडले. "आलीस? बस जरा. त्यांचं अजून व्हायचंय."

सोनिकानं आईला ओढतच रिक्षात घातलं. दवाखान्यात पट्टी बांधून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "दुखत नव्हतं?"

"दुखायचं गं. पण एकदा सुरू झालं की उठताच यायचं नाही."

जावयानं जनावरांच्या औषधांच्या दुकानातून गुरांनी चाटायच्या क्षारांच्या विटा आणून कुंडीत ठेवल्या. दोन दिवस गाईंनी त्यांना तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी लावलं, आणि हळूहळू गल्ली मोकळी झाली. हात महिन्याभरात भरून आले. मंदाताई आता लेकीकडेच असतात. दुपारचे साडेबारा झाले की त्या स्वतःच उठून गॅलरीचं दार लावून घेतात, आणि तीन वाजेपर्यंत कुणालाही ते उघडू देत नाहीत.