गव्हाच्या आधीचा नंबर

नव्वदच्या सुमारास, सिल्वासात नोकरीला असताना, डॉक्टरांनी माझा गहू कायमचा बंद केला. तिथल्या आमली भागातल्या गिरणीत तांदूळ नेले आणि पथ्य सांगितलं. भुवयांपर्यंत पिठाने माखलेला गिरणीवाला म्हणाला, "बेन, आत्ताच गहू दळलाय, तो तुमच्या पिठात येणार. सकाळी सातला या, गव्हाच्या आधी, नागलीवाल्या बायांच्या मागे."

मग मुलांचे डबे भरून, ऑफिसच्या साडीतच मी रांधा गावाहून नागली, म्हणजे नाचणी, दळायला येणाऱ्या त्या बायांमागे उभी राहू लागले. एकदा वैतागून म्हणाले, "हे पथ्य जन्मभराचं आहे हो."

पीठ चिमटीत चोळून बघत तो म्हणाला, "या बायाही जन्मभर नागलीची भाकरी आणि भातच खातात. त्या त्याला जेवण म्हणतात."

बाया हसल्या, मीही हसले. ऑफिसात डबा उघडताना 'पथ्याचं आहे' म्हणणं मी त्या दिवसापासून सोडलं.